उजवा हातमोजा

त्या सकाळी उठल्या उठल्या जाकलीनने पहिली आज्ञा सोडली ती अशी, की मधल्या खोलीतली शेगडी आज पेटवायची नाही.

"पण बाईसाहेब, बाहेर गुडघाभर बर्फ आहे," मातुरीन म्हणाली. "भिंतीला हात लावला तरी बोटं बधिर होतात."

"म्हणूनच. डीन आले की तिथेच बसतील. थंडी वाजली की माणूस फार वेळ चौकशा करत बसत नाही."

मातुरीन गेली तीस वर्षं आमाब्लचं घर सांभाळत होती आणि वोझेल घराण्याच्या बायका तिला नवीन नव्हत्या. तिने लाकडांची टोपली उचलली आणि मान हलवत स्वयंपाकघरात परत नेली.

विसावा दिवस उजाडला होता. वीस दिवसांपूर्वी, कॅथेड्रलच्या घंटेचे दुपारचे बारा ठोके पडत असताना, तापाने फणफणलेल्या आमाब्ल द वोझेलने आपली कॅननची गादी, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मसभेतली जन्मभराची जागा आणि तिचं उत्पन्न, पुतण्याच्या, गास्पारच्या नावे लिहून दिली होती. नोटरीने कागदावर दिवसासोबत वेळही घातली होती, कारण असल्या कागदाचा सगळा जीव वेळेतच असतो. आजारी कॅननने गादी लिहून दिली, तर त्यानंतर त्याने पुरते वीस दिवस जगायला हवं. तासभर आधी डोळे मिटले तरी कागद रद्द आणि गादी परत सभेकडे. सभेचे प्रमुख डीन, आणि डीनलाही एक पुतण्या होताच.

त्या सभेत शिरायला आईकडचे आठ आणि बापाकडचे आठ, असे सोळा खानदानी पूर्वज दाखवावे लागत. पूर्वज वोझेलांकडे मुबलक होते, तोटा होता तो जमिनींचा. म्हणून सगळी जमीन थोरल्याला, धाकट्याला गादी, आणि त्याच्याही मागून कुणी जन्मला तर त्याला तलवार, अशी वाटणी पाच पिढ्या चालत आली होती. गादी काकाकडून पुतण्याकडे जायची. फ्रान्समधल्या ऑव्हेर्न्यच्या त्या डोंगरात दुसरं कुणी तिच्याकडे डोळे लावून बसलं, तर वोझेलांच्या बायका त्याला घरफोड्याच म्हणत.

खाली जेवणघरात गास्पारचा बाप जिल्बेर कोबीच्या सुपात पाव बुडवून खात होता. वय चौसष्ट, गावाकडे बॅरन, पण थोरल्या बहिणीसमोर तो अजून पंधरा वर्षांचाच असे.

"ताई, श्वास कसा आहे त्याचा?"

"आहे."

"वैद्य म्हणत होता, एकदा जरासं रक्त काढलं तर—"

"त्या वैद्याने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं, तर मी त्याचंच रक्त काढीन." जाकलीन समोरच्या बाकावर बसली. "त्याला हात लावू दिला नाही, म्हणून तुझा भाऊ आज आहे. कोंबडीचं पाणी मी पाजलं. वाइनमध्ये फेटलेलं अंडं मी भरवलं. पाठीला अक्रोडाचं तेल मी चोळलं. तू काय केलंस? सूप प्यायलास."

"कोण नाही म्हणतंय?" जिल्बेरने चमचा खाली ठेवला. "वकील आणखी एक गोष्ट सांगत होता. असा आजारी माणूस पुढे खडखडीत बरा झाला, तर दिलेली गादी त्याला परत मागता येते म्हणे. तसा कायदाच आहे."

"त्याला चमचा उचलता येत नाही, जिल्बेर. आणि तुला घोर लागलाय तो त्याच्या बरं होण्याचा?"

"मी आपलं सांगितलं."

"जन्मभर तू आपलं सांगतच आलास."

जिल्बेरने तोंड पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि समजा, बाराच्या आधीच काही झालं तर?"

जाकलीनने त्याच्या ताटलीतला उरलेला पाव उचलला, दोन तुकडे केले, आणि न खाता परत ठेवला.

"तर गेल्या वेळी जे केलं तेच," ती म्हणाली. "पडदे ओढायचे, खिडक्या लावायच्या. गास्पारला सांगते मी."

जिल्बेरचा चेहरा उतरला. 'गेल्या वेळी' हे शब्द त्या घरात एकोणपन्नास वर्षांत कुणी उच्चारले नव्हते.

गास्पारला आत्याचं बोलणं समजायला वेळ लागला. तो एकोणीस वर्षांचा होता आणि पलंगाशी बसून दोन रात्री जागलेला होता.

"तू इथे बसायचंस," जाकलीन सांगत होती. "पडदा अर्धा ओढलेला. काकांचा हात रजईखालून धरायचा, मनगटापाशी. डीन विचारतील, 'बंधू, ऐकू येतंय का?' की तू हा हात असा वर करायचा. फार नाही, चार बोटं."

"पण काका स्वतःच करतील ना वर?"

"केला तर सोन्याहून पिवळं."

गास्पारने पलंगाकडे पाहिलं. काका डोळे मिटून पडले होते. डोक्यावर लोकरी टोपी, हनुवटीपर्यंत रजई आणि रजईवर उजवा हात, त्यावर तो मऊ करड्या चामड्याचा मोजा. हा मोजा काका ऑगस्टच्या उन्हातही घालत. कॅथेड्रलमधली गाणारी पोरं त्यांना मागून 'एकमोजे महाराज' म्हणत, आणि काकांना ते माहीत होतं.

हळूहळू गास्पारच्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या, हे तुम्हाला सुचतं तरी कसं?"

"अशा गोष्टी सुचत नाहीत, राजा. आठवतात." मग ती त्याच्यासमोर चक्क खाली बसली, सहासष्ट वर्षांच्या गुडघ्यांवर, आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. "माझा लुई तुझ्याएवढा होता. मी पण म्हटलं होतं, जाऊ दे सैन्यात, देखणा दिसेल. फ्लँडर्सच्या चिखलातून त्याचा एक बूट परत आला. एकच. गादी मिळाली नाही तर तुझा बाप तुला तिकडेच धाडणार, दुसरं आहे काय त्याच्याकडे? तू इथे बसून रोज सात वेळा प्रार्थना म्हण, लठ्ठ हो, म्हातारा हो. मला एवढंच हवंय."

आत्याला रडताना त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. तो हो म्हणाला. स्वतःला काय हवंय हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

ती गेल्यावर तो पलंगाशी गुडघे टेकून बसला. "देवा," तो पुटपुटला, "फक्त बारापर्यंत. बारापर्यंत टिकू देत. पुढचं मी काही मागत नाही."

पलंगावर आमाब्लने ते ऐकलं.

त्याने सगळंच ऐकलं होतं. ताप उतरून आज चौथा दिवस होता. मातुरीनला हे माहीत होतं, कारण जाकलीन झोपली की तीच त्याला उशीखाली पाव आणि चीजचा मोठा तुकडा आणून देत होती, आणि सकाळी चादरीवरचे कण झटकत होती. आपण बरे आहोत हे त्याने आधी सांगितलं नाही ते निव्वळ लबाडीने. अकराव्या वर्षी घरातून उचलून त्याला कॅथेड्रलच्या शाळेत टाकलं, तेव्हापासून त्याच्या पाठीला कुणी तेल लावलं नव्हतं. बहीण उशाशी बसते, भाऊ दर तासाला 'श्वास कसा आहे' विचारतो, पुतण्या तोंड पुसतो, हे सगळं सोडवत नव्हतं. त्यांना आपला श्वास मोजून हवाय हे कळत होतं, तरीही सोडवत नव्हतं. मागायला लाज वाटेल असं सुख त्याला फुकट मिळत होतं.

पण आता रजईखालून त्याचा उजवा हात गास्पारने धरला होता. पोराचा तळवा घामेजला होता. तो मनगट कसं धरायचं याचा सराव करत होता. चार बोटं वर, मग खाली. पुन्हा वर.

आमाब्लला एकदम बारा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. हीच खोली, हाच पलंग, पडदे तेव्हा हिरवे होते. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण एवढ्यात खाली दाराचा अडसर सरकला.

डीन साडेअकरालाच आले. सोबत नोटरी होता, आणि ज्याला कुणी बोलावलं नव्हतं असा, वैदूचंही काम करणारा एक न्हावी, हातात आरसा आणि पिशवी घेऊन. मधल्या खोलीत डीन बसलेच नाहीत.

"इथे फार गारठा आहे, बाईसाहेब," ते म्हणाले. "आम्ही थेट आजाऱ्याकडेच जातो. तिथे तरी शेकोटी असेल."

"तो झोपलाय, महाशय."

"झोपू द्या की. तुमच्या घरातले आजारी लोक झोपतात फार छान." डीन पंचाहत्तर वर्षांचे होते, सुकलेले, पण डोळे लख्ख. "यांच्या काकांच्या, ऑस्ट्रेमोआनच्या वेळी मी सभेत नवा होतो. इथेच उभा होतो, दाराशी. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, वा, काय हिंमतीचा माणूस! मग खाली पायऱ्या उतरताना मनात आलं, मरणाऱ्याने हात वर केला, पण बोटं का नाही हलवली?"

जिल्बेरने भिंतीला टेकून घेतलं. जाकलीनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"जुन्या गोष्टी," ती म्हणाली.

"जुन्याच. म्हणून न्हावी आणलाय." त्यांनी मान हलवली. "बघ रे. तोंडाशी आरसा धर, मग हात बघ. तो मोजा काढ आधी. हात गरम आहे की नाही ते मोज्यावरून कळत नाही."

गास्पारने मनगट घट्ट धरलं. काका जिवंत आहेत हे त्याला माहीत होतं, त्यांची नाडी त्याच्या बोटांना लागत होती. पण आत्याने सांगितलेलं इतकं डोक्यात बसलं होतं, की आपण प्रेताशेजारी पकडले जातोय असं त्याला वाटलं. न्हावी वाकला. आरसा धुकटला. डीनने ओठ आवळले. न्हाव्याने दोन बोटांनी मोज्याची कड धरली आणि ओढायला सुरुवात केली.

"मोजा राहू दे," आमाब्ल म्हणाला. "डावा बघ."

न्हाव्याच्या हातून आरसा रजईवर पडला. जाकलीन "अगं बाई!" म्हणाली, नंतर कधीही तिने ते कबूल केलं नाही. आणि त्याच वेळी कॅथेड्रलच्या मोठ्या घंटेचा पहिला ठोका पडला.

सगळे मोजत होते, डीनसुद्धा. बाराव्या ठोक्याला जिल्बेर हुंदका देऊन तिथेच खुर्चीवर बसला. जाकलीनने छातीवर क्रूस काढला.

"लिहा," डीन नोटरीला म्हणाले. "बारा वाजता हयात, शुद्धीवर." ते हरले होते, पण रीत सोडणारे नव्हते. "अभिनंदन, गास्पार महाशय. तुमच्या काकांनी तुमच्यासाठी बरेच कष्ट घेतले."

"आणखी एक ओळ लिहा," आमाब्ल म्हणाला. तो उठून बसला होता. एकट्याने. "मी, आमाब्ल द वोझेल, आजारात गादी सोडली होती. देवाच्या कृपेने आणि माझ्या बहिणीच्या सुपाने मी बरा झालो आहे. कायद्याने मला माझी गादी परत मागता येते. मी मागतो."

"आमाब्ल!" जाकलीन ओरडली.

"भ्रमात आहे तो," जिल्बेर धडपडत उठला. "ताप चढलाय. महाशय, लिहू नका!"

"नाना तऱ्हेचे ताप मी बघितलेत," डीन म्हणाले, आणि गेल्या वीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, "पण इतका व्यवस्थित बोलणारा ताप नाही बघितला. लिहा, नोटरीसाहेब." काकाने गादी परत घेतली म्हणजे गास्पारकडे आता काही नाही, आणि काका एकसष्ट वर्षांचा आहे, हा हिशेब त्यांना तोंडी येत होता.

आमाब्लने सही केली. उजव्या हाताने, मोज्यासकट.

ते तिघे जिना उतरले. मग जाकलीन पलंगाशी आली.

"किती दिवस?" तिने विचारलं. "किती दिवस तू बरा आहेस?"

"चार."

"चार दिवस! चार दिवस मी तुझ्या तोंडात चमचा घालतेय, आणि तू! कधी नाही ते मी देवाला मेणबत्त्या बोलले! या पोराच्या तोंडचा घास काढलास तू. सख्ख्या पुतण्याच्या! वैरी बरा."

"माझा मुलगा आता कुठे जाईल?" जिल्बेर म्हणाला. "सांग ना. तुला काय कमी होतं रे? मऊ खुर्ची, खांद्यावर फर, जन्मभर आयतं!"

"ताई," आमाब्ल म्हणाला, "तू दारामागे उभी राहून मला खुणा करत होतीस. एक बोट म्हणजे हात वर. दोन बोटं म्हणजे खाली."

जाकलीन पलंगापासून एक पाऊल मागे सरली.

"कसल्या खुणा?" गास्पारने विचारलं.

"ऑस्ट्रेमोआन काकांनी मला गादी लिहून दिली आणि अठराव्या दिवशी पहाटे ते गेले. आईने खिडक्या लावल्या. मी बारा वर्षांचा होतो. दोन दिवस मी त्यांच्याजवळ बसलो. कुणी बघायला आलं, की हात वर करायचा, खाली ठेवायचा. जड होता फार. पहिल्या दिवशी वाकत नव्हता, दुसऱ्या दिवशी वाकायला लागला." तो हे सगळं साध्या आवाजात सांगत होता. "आई म्हणाली, शहाणा गं माझा बाळ. त्यानंतर हा हात गरम झाला नाही. वैद्य म्हणतात, हाताला काहीसुद्धा झालेलं नाही. तेही मला माहीत आहे."

खोलीत शेकोटी चटचटत होती. गास्पार आत्याकडे बघत होता आणि आत्या जमिनीकडे.

"मी सतरा वर्षांची होते," ती अखेर म्हणाली. "आईने सांगितलं ते केलं."

"मी पण. आज गास्पारही तेच करत होता. रजईखाली सराव करत होता पोरगा, ताई! अजून मी मेलोसुद्धा नव्हतो."

"म्हणून त्याला युद्धावर धाडशील? माझ्या लुईसारखं?"

"मी त्याला कुठेच धाडत नाही. मी आता बरा आहे. त्याला वर्षभर विचार करू दे. गादी खरंच हवी असेल, तर त्याने माझ्यासमोर उभं राहून मागावी. मी धडधाकट असताना, उघड्या खिडकीत बसून देईन. पण या पलंगाशी बसून त्याला ती मिळणार नाही."

"आणि वर्षभरात तू मेलास तर? उद्याच मेलास तर?"

"तर त्याच क्षणी खिडक्या उघडा आणि घंटा वाजवायला सांगा. डीनच्या पुतण्याला मिळू दे."

जाकलीनने जिल्बेरकडे पाहिलं. जन्मभर तिने असं पाहिलं की जिल्बेर तिच्या बाजूने बोलायला लागे. जिल्बेरने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग धाकट्या भावाच्या त्या करड्या मोज्याकडे बघत म्हणाला, "राहू दे, ताई. त्या वेळी दाराला मी कडी लावली होती. राहू दे आता."

एवढं बोलून तो स्वतःच दचकला.

गास्पार अजून गुडघ्यांवरच होता. "काका, मी तुम्ही बरे व्हावं असं मागितलंच नाही," तो म्हणाला. "बारापर्यंत टिकावं, एवढंच मागितलं."

"ऐकलं मी. मीही तेच मागितलं होतं. माझे काका तर गेलेलेच होते, तरी मागितलं होतं." आमाब्लने हात पुढे केला. "काढ तो मोजा."

गास्पारने बोटाबोटाने मोजा सोडवला. आतला हात पांढरा होता आणि फार मऊ, कधी ऊन न लागलेला. बर्फासारखा गार होता. गास्पारने तो दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळायला लागला, हिवाळ्यात लहान मुलांचे हात चोळतात तसा. आमाब्लने हात काढून घेतला नाही.

जाकलीन थोडा वेळ ते बघत उभी राहिली. मग तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं आणि दाराकडे वळली.

"वीस दिवसांत माझी कंबर मोडली," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आता वर्षभर जगवायचं याला."

तिची पावलं जिन्यावर वाजली, आणि मग खालून तिचा नेहमीचा खणखणीत आवाज आला.

"मातुरीन! एक कोंबडी काप. आणि मधल्या खोलीतली शेगडी पेटव आधी."